गारेगार आणि गोड: हल्ली नवीन काय करून, काय खाऊन पाहिलंत?

निम्मा_चमचा (ठाणे)

उन्हाळा लागला की इथे पन्हं, कैरीची डाळ, कोकम सरबताचे जुने धागे वर येतात. येऊ देत, त्यांच्याशी भांडण नाही. हा धागा मात्र आपण लहानपणी न खाल्लेल्या गोष्टींसाठी आहे. हल्ली आईस्क्रीमच्या दुकानात मेनूकार्ड हातात आलं की लेक वाचते आणि मी "म्हणजे काय गं?" विचारत बसते. मोची, बिंगसू, कुनाफा, जेलाटो, शिवाय धूर सोडणारं नायट्रोजनवालं काहीतरी.

आमच्या घरचे आतापर्यंतचे निकाल:

पेरूचं आईस्क्रीम, वर तिखट-मीठ. पैसे वसूल. आता तसं नवीन राहिलेलं नाही, पण अजून कोणी नाक मुरडून टाळत असेल तर टाळू नका. बिया गाळलेला गर आणि जिभेवर आधी गार, मग गोड, मग झणका. माझ्या यादीत हे सगळ्यात वर.

बिंगसू. कोरियन. दुधाचाच बर्फ करून तो इतका बारीक किसतात की दाताखाली बर्फ लागतच नाही. मूळचं लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड सारणाचं असतं, इथे आंबा नाहीतर चॉकलेट घालून देतात. आवडलं, पण बोल एवढा मोठा की शेवटी शेवटी नुसतं गार दूध पीत होतो.

दुबई चॉकलेट, आत पिस्त्याचं सारण. पहिला तुकडा भारी, दुसरा बरा, तिसऱ्याला पाणी मागितलं. किंमत ऐकून साबा (सासूबाई) म्हणाल्या, एवढ्यात चांगली काजूकतली आली असती. मी वाद घातला नाही.

आणि मोची आईस्क्रीम. इथे घोडं अडलंय. बाहेरून तांदळाच्या पिठाची मऊ, ताणली जाणारी पारी आणि आत आईस्क्रीमचा गोळा. तोंडात टाकताच नवरा म्हणाला, "हा तर थंड मोदक!" लेकीला इतकं आवडलंय की दर रविवारी तेच हवं असतं, आणि दर रविवारी ते परवडणारं नाही. घरात आंबेमोहोराची मोदकाची पिठी आहे. उकड काढून तिच्यात आईस्क्रीम भरलं आणि फ्रीजरला टाकलं तर? कोणी केलंय का?

पेठकरीण (पुणे)

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं) धागा! पण मोदकाच्या पिठीचा विचार सोड गं. भाचीने गेल्या गणपतीत हाच उद्योग केला होता. उकड सुरेख झाली, पारी पातळ, कळ्या अगदी देखण्या, आत आंब्याच्या आईस्क्रीमचे गोळे. रात्रभर फ्रीजरला ठेवले. सकाळी पारी अशी कडक की सुरी लावावी लागली, आणि चावली तर कोरडं पीठ खाल्ल्यासारखी. आतलं आईस्क्रीम वितळून ताटलीत आलं तरी वरचं कवच मऊ व्हायचं नाव घेईना. मग सगळ्यांनी पारी सोलून आतला ऐवज खाल्ला. उरलेला मोदक फ्रीजमधून काढून न वाफवता कधी खाल्ला आहेस का? तसंच, फक्त आणखी वाईट.

अर्धवट_रसायन

पेठकरीण यांच्या भाचीचा हात चांगला असणार, दोष तांदळाचा आहे.

तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोज म्हणजे सरळ साखळ्या, अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेल्या. शिजताना दोन्हींत पाणी शिरतं आणि पीठ मऊ होतं. गार झाल्यावर अमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, घट्ट रचना करतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. शिळा भात कडक का होतो, त्याचं उत्तर हेच. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात जोरात चालते. म्हणून भात बाहेर राहिला त्यापेक्षा फ्रीजमध्ये जास्त कडक होतो. वाफ दिली की साखळ्या सुटतात आणि मोदक पुन्हा मऊ.

मोचीला जो तांदूळ लागतो तो चिकट तांदूळ. त्यात अमायलोज जवळपास नसतंच, त्यामुळे बिलगायला साखळ्याच नाहीत. शिवाय मोचीच्या पारीत भरपूर साखर असते. साखर पाणी धरून ठेवते आणि गोठणबिंदू खाली ओढते. आपल्या उकडीत काय, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. गरम खायच्या पदार्थाला तेवढं पुरतं, उणे १८ अंशांना नाही.

चिकट तांदूळ शोधायला जपानला जायची गरज नाही. आसामात बोरा साऊल आहे, बिहू सणाच्या 'पिठा' या पक्वान्नांना तोच वापरतात. मणिपूरचा काळा चाक-हाओ हाही चिकट गटातला, त्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो ऑनलाइन सहज मिळतो. पीठ तयार हवं असेल तर थायलंडहून येणारं चिकट तांदळाचं पीठ मोठ्या शहरांतल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानांत असतं.

टोकियोची_माई

बरोबर सांगितलंत. मी इथे बरीच वर्षं आहे, थोडी भर घालते.

मोची आईस्क्रीमच्या आधी इथे शेकडो वर्षं 'दायफुकु' आहे. तीच पारी, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. निम्मा_चमचा, तुमच्या यजमानांना मोदक आठवला यात नवल नाही. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला पुरणच आठवतं. आत आईस्क्रीम घालून ते कारखान्यात करायचं काम लॉट्टे कंपनीने केलं, १९८१ मध्ये, 'युकिमी दायफुकु' नावाने. दोन गोळे, सोबत टोचून खायला प्लॅस्टिकची छोटी काडी. गंमत म्हणजे ते थंडीच्या दिवसांत आईस्क्रीम खपावं म्हणून काढलेलं होतं. अमेरिकेत रुजवलं ते लॉस एंजेलिसच्या मिकावाया या जपानी मिठाईवाल्यांच्या फ्रान्सिस हाशिमोटो बाईंनी, १९९० च्या दशकात.

माझी घरगुती कृती: चिकट तांदळाचं पीठ १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी १५० मिली. गुठळ्या मोडून काचेच्या भांड्यात झाकून मायक्रोवेव्हला १ मिनिट. ओल्या उलथन्याने ढवळा. पुन्हा १ मिनिट, पुन्हा ढवळा. मग अर्धा मिनिट. पांढरं पीठ अर्धपारदर्शक दिसायला लागलं आणि ओढलं की ताणलं गेलं, म्हणजे झालं. मायक्रोवेव्ह नसेल तर मोदकपात्रात वाफवा, मधे एकदा ढवळून साधारण वीस मिनिटं. ओट्यावर भरपूर कॉर्नफ्लोअर भुरभुरून त्यावर लाटा. कॉर्नफ्लोअर कोरडं भाजून घ्या, कच्चं लागता कामा नये. वाटीने गोल कापा.

आईस्क्रीमचे गोळे आदल्या दिवशीच करून दगडासारखे गोठवलेले हवेत. एक गोळा बाहेर काढायचा, गुंडाळायचा, क्लिंग फिल्ममध्ये पिळून फ्रीजरला ठेवायचा, मगच दुसरा काढायचा. सगळे एकदम काढलेत तर पारीला चिकटून सगळा चिखल. खाण्याआधी पाच मिनिटं बाहेर ठेवा.

आणि एक, हे गमतीत घेऊ नका. लहान मुलांना आणि ज्येष्ठांना बारीक तुकडे करून द्या. इथे दर नववर्षाला साधी मोची घशात अडकून वृद्ध माणसं दगावतात, अग्निशमन दल दर वर्षी सूचना काढतं.

शिवाजीपेठी_पाव्हणा (कोल्हापूर)

वाचतोय मगापासनं. पीठ जपानचं, काडी प्लॅस्टिकची, आईस्क्रीम लिंबाएवढं. आणि पोट कशानं भरायचं वो?

आमच्याकडं कॉकटेल खायाला या. नावावर जाऊ नका, दारूचा थेंब नसतोय त्यात. उंच गिलासात खाली घट्ट दूध, मग फळांचे तुकडे, जेली, केकचा चुरा, वर दोन-तीन तऱ्हेचं आईस्क्रीम, त्यावर काजू-बदाम-मनुका, टुटीफ्रुटी आणि शेंड्याला चेरी. चमचा उभा राहतोय. लग्नाची खरेदी झाली, सिनेमा सुटला, पोरगं पास झालं, सगळ्याला हेच. त्याला कोणी फ्युजन म्हणलं नाही आजवर.

पेठकरीण

पाव्हणं, पुण्यात याला मस्तानी म्हणतात आणि त्यात केक कोंबत नाहीत. घट्ट मिल्कशेक, वर त्याच चवीच्या आईस्क्रीमचा गोळा, थोडा सुकामेवा, बास. सदाशिव पेठेत उन्हाळ्यात संध्याकाळी गेलात तर आंब्याच्या मस्तानीसाठी रांगेत उभं राहावं लागतं. दिवे घ्या (गमतीत घ्या).

शिवाजीपेठी_पाव्हणा

दिवे कशाला, गिलास घ्या की. रांगेत उभं करून पातळ दूध द्यायचं ही पुण्याची पद्धत.

जर्सीचा_गणू

पुणे-कोल्हापूर सामना रंगायच्या आत आमचा पदार्थ मांडतो, कारण इथल्या मराठी मंडळांच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) तो हमखास असतो आणि भारतातल्या लोकांना अजून फारसा माहीत नाही. मँगो पाय. आंब्याच्या गराचा ८५० ग्रॅमचा डबा, २२५ ग्रॅम क्रीम चीज, तेवढंच फेटलेलं क्रीम, अर्धी वाटी साखर आणि थोड्या गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन. सगळं घुसळून ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांच्या तयार कवचात ओतायचं. एका डब्यात दोन पाय होतात. रात्रभर फ्रीज. हापूसचा डबा नाही मिळाला तर केशर, उलट रंग जास्त खुलतो.

शाकाहारी मंडळी जिलेटिनऐवजी अगर-अगर घालतात, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते उकळावं लागतं, नुसत्या कोमट पाण्याने भागत नाही. आणि अगरवालं पाय फ्रीजमध्येच ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठून वितळलं की अगर पाणी सोडतं आणि पायाला घाम फुटतो.

सध्या इथे दुसरं वेड म्हणजे निंजा क्रीमी नावाचं यंत्र. मिश्रण डब्यात २४ तास घट्ट गोठवायचं आणि मग फिरतं पातं ते वरून खाली खरवडत जातं. नुसतं दूध आणि प्रोटीन पावडर घातली तरी मऊ होतं. आवाज मिक्सर, ड्रिल आणि शेजाऱ्यांची तक्रार यांच्या बेरजेएवढा. मी उरलेली बासुंदी घालून पाहिली. विकतचं कोणतंही आईस्क्रीम झक मारेल.

सायीची_वाटी (नाशिक)

यंत्र-बिंत्र ठीक आहे. पण आईस्क्रीमसाठी जीएमएस-सीएमसी या पावडरी वापरणाऱ्या बायका संपल्या का या जगातून? नव्या मुलींसाठी सांगते. अर्धा लिटर म्हशीचं दूध, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा जीएमएस, पाव छोटा चमचा सीएमसी आणि सात-आठ मोठे चमचे साखर. थोड्या गार दुधात पावडरी कालवून उकळत्या दुधात सोडायच्या, दोन मिनिटं शिजवायचं, गार करून पसरट डब्यात गोठवायचं. दुसऱ्या दिवशी तुकडे करून साय आणि इसेन्स घालून बीटरने फेटायचं, दुप्पट फुगतं. हा बेस. यात वाटेल ते घाला.

जीएमएस स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरतं, सीएमसी बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही. बेकरी सामानाच्या दुकानात दोन्ही मिळतात. सीएमसी मापाबाहेर गेलं तर आईस्क्रीम चमच्याबरोबर तारेसारखं ओढलं जातं.

आता नवीन काय, तर सीताफळ. सासवडहून नातेवाईक पाटी पाठवतात. गर कधीही शिजवू नका, तापला की कडवट होतो. बेस फेटून झाल्यावर थंडगार गर हाताने कालवायचा. अननसाचं नेमकं उलटं. कच्चा अननस दुधात गेला की त्यातलं विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं आणि आईस्क्रीम कडू होतं, म्हणून अननस साखरेत शिजवूनच. हे दोन नियम पाळले तर फळांचं आईस्क्रीम सहसा फसत नाही. आणि मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. थंडीने जिभेला गोडी कमी कळते. वितळलेलं आईस्क्रीम गोडमिट्ट लागतं ना, ते यामुळे.

आजोळचा_पॉट (सांगली)

मंडळी, मी सत्तरीतला. इथे लिहिणाऱ्यांत बहुधा सगळ्यात जुना. नव्याला माझा विरोध नाही, नातवाने मोची आणली तेव्हा मीही खाल्ली. दातांना बरी.

पण घरच्या पॉटला तोड नाही, आणि ते पावडरींशिवाय होतं. लाकडी बादली, मधे पत्र्याचा उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, तीन-चार भाग बर्फाला एक भाग मीठ. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि डब्यातलं दूध कडेने गोठायला लागतं. आत फिरणारी लाकडी पाती ते खरवडून मधे ढकलत राहतात. हँडल जड झालं की समजायचं, आलं. मग हँडलवर बसायचा मान घरातल्या सगळ्यात वजनदार काकांचा. सतत फिरत राहिल्याने बर्फाचे कण बारीक राहतात, सीएमसीचं निम्मं काम हात करतो.

मुंबईत भेंडी बाजाराजवळ बोहरी मोहल्ल्यात ताज आईस्क्रीमवाले १८८७ पासून आहेत, सांचा पद्धतीचं, म्हणजे अशाच पॉटमध्ये हाताने फिरवलेलं आईस्क्रीम. पेरू, सीताफळ, स्ट्रॉबेरी. मुंबईला जाणं झालं तर मॉलच्या आधी तिथे जा.

लेबलवाचक

सगळे फ्लेवरवर बोलताहेत म्हणून एक रुक्ष प्रतिसाद. दुकानातून डबा घेताना पुढचं चित्र पाहू नका, बारीक अक्षरं पाहा. 'आईस्क्रीम' लिहिलं असेल तर आपल्या नियमांप्रमाणे त्यात किमान १० टक्के स्निग्धांश दुधाचा असावा लागतो. मीडियम फॅटमध्ये अडीच ते दहा, लो फॅटमध्ये अडीचपर्यंत. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल असतं, बहुतेकदा पाम किंवा खोबरेल. विष नाही, बेकायदा नाही, पण ती वेगळी वस्तू आहे आणि दोन्ही एकाच फ्रीझरमध्ये शेजारी ठेवलेल्या असतात. यावरून २०१७ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर आणि अमूल मुंबई उच्च न्यायालयात भांडले. अमूलच्या जाहिरातींत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं असं सुचवलं होतं, कोर्टाने त्या थांबवायला लावल्या.

दुसरी गोष्ट हवा. आईस्क्रीम मिलिलिटरवर विकतात. नियम सांगतो, एक लिटरचं वजन निदान ५२५ ग्रॅम हवं. न फेटलेल्या मिश्रणाचं वजन लिटरला किलोच्या वर असतं, म्हणजे कायद्यात राहूनही जवळजवळ निम्मा डबा हवा विकता येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन कंपन्यांचे सारख्या मापाचे डबे ठेवून पाहा. कुल्फी महाग का वाटते ते कळेल, तिच्यात हवा भरतच नाहीत.

टोकियोची_माई

लेबलवाचक, इथे तर चार पायऱ्या आहेत. ८ टक्के दुधाचा स्निग्धांश असेल तरच आईस्क्रीम. ३ टक्के असेल तर आईस मिल्क. त्याखाली लॅक्टो आईस, त्यात वनस्पती तेल सर्रास असतं. आणि बाकी सगळं 'बर्फाची मिठाई'. पाकिटाच्या मागे छापावंच लागतं. आमच्या मुलाला लॅक्टो आईसच आवडतं, काय करणार.

मडगावची_पोर

गोव्याहून नमस्कार! आमच्याकडे सेराडुरा करा, ओव्हन नको, गॅस नको. फेटलेल्या क्रीममध्ये कंडेन्स्ड मिल्क, आणि मारी बिस्किटांचा अगदी लाकडाच्या भुश्शासारखा बारीक चुरा. ग्लासात एक थर क्रीम, एक थर चुरा, असं वरपर्यंत. पोर्तुगीजांकडून आलेला पदार्थ, मकावमध्येही हाच करतात. फ्रीजरमध्ये तासभर ठेवला तर आईस्क्रीमच्या जवळ जातो. मी मधे काजूच्या चिक्कीचा चुरा घालते, आईला पटत नाही.

बेबिंक पण थंड नका खाऊ. नारळाचं दूध, अंडी, मैदा, साखर, तूप, आणि एकेक थर वरून भाजत जायचं, दुपार जाते. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुकडा किंचित गरम करून बाजूला व्हॅनिला घ्या. फ्रीजमधून काढल्या काढल्या खाल्लं तर तूप टाळूला चिकटतं आणि पाहुणे म्हणतात, बेबिंक मेणचट असतं!

मधुमेही_पण_हौशी

सगळे गोडगोड लिहिताहेत, आमचं काय? साखर न घातलेली आईस्क्रीमं खाऊन पाहिली. दोन सूचना. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे साखर शून्य नव्हे, दुधातली लॅक्टोज आणि फळाची साखर असतेच, तेव्हा कर्बोदकांचा आकडा वाचा. आणि गोडीसाठी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर एका कपावर थांबा. जास्त झालं की पोट वाजतं आणि पुढचं सांगत नाही. पाकिटावर तशी सूचना छापलेली असते, आपण ती नंतर वाचतो.

चवीला सगळ्यात बरं काय वाटलं तर घरचं: चक्का, थोडा पिकलेला चिकू, वेलची, गोठवून. पण खडे होतात. उपाय आहे का?

अर्धवट_रसायन

खडे होणारच, साखर काढलीत म्हणून. गोठवलेल्या पदार्थात साखर फक्त गोडीला नसते, मऊपणालाही असते. उलट प्रयोग करून पाहा, म्हणजे घरात दुसऱ्या कोणाला तरी करू द्या: विकतचं श्रीखंड फ्रीजरमध्ये ठेवा. इतकी साखर असते की ते दगड होतच नाही, चमच्याने सहज निघतं. आम्रखंडाच्या कुल्फ्या यामुळेच जमतात. तुमच्या चक्क्याला पर्याय असा की चक्का जास्तीत जास्त घट्ट बांधा, पाणी जितकं कमी तितके खडे कमी. थोडी साय घाला, आणि गोठताना अर्ध्या-अर्ध्या तासाने काट्याने ढवळत राहा.

वर कोणी नायट्रोजनचा उल्लेख केला होता. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. मिश्रण क्षणात गोठतं, खडे धरायला वेळच मिळत नाही, म्हणून पोत खरोखर छान येतो. तमाशा नाही, त्यामागे कारण आहे. पण पदार्थातला सगळा नायट्रोजन उडून जाईपर्यंत तोंडाला लावायचं नाही. धूर काढत बिस्किटं खाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ फिरतात, ते पाहून अंगावर काटा येतो. पेल्यात द्रव दिसत असेल तर ते खाऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका.

जर्सीचा_गणू

दुबई चॉकलेटवर कोणीच बोललं नाही? ते दुबईतल्या फिक्स नावाच्या छोट्या कंपनीचं. सारा हमूदा या बाईंनी २०२१ मध्ये सुरू केलं, आणि २०२३ च्या अखेरीस एका व्हिडिओमुळे जगभर पसरलं. सारणात पिस्ता, ताहिनी (तिळाची पेस्ट) आणि भाजलेले कदाइफ, म्हणजे कुनाफ्याचे पिठाचे धागे. बायकोने कदाइफऐवजी सुतरफेणी घेतली. न पाकवलेली, पांढरी. हलक्या हाताने चुरायची, लोण्यावर बदामी करायची, गार झाल्यावर पिस्त्याच्या पेस्टमध्ये कालवायची. पिस्ता आणि काजू निम्मे-निम्मे, खिसा वाचतो. ताहिनी वगळू नका, तिच्या कडवटपणाने गोडी ताळ्यावर राहते. सारण अगदी कोरडं हवं, पाण्याचा अंश राहिला की फेणी मऊ पडते आणि मग खाण्यात अर्थ नाही.

पेठकरीण

सुतरफेणी! हे भारी सुचलंय वहिनींना. दिवाळीनंतर उरलेल्या फेण्यांचं काय करायचं हा आमच्याकडचा जुना प्रश्न. वरून चॉकलेट कोणतं? माझं नेहमी मऊ राहतं आणि पांढरे डाग येतात.

जर्सीचा_गणू

डाग म्हणजे टेम्परिंग झालेलं नाही. कोको बटरवालं डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ पर्यंत खाली आणायचं, मग पुन्हा ३१-३२. थर्मामीटर हवाच. एवढी झंझट नको असेल तर कंपाउंड घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, वितळवलं आणि ओतलं. चव डावी, पण चमकतं.

निम्मा_चमचा

किती लिहिलंय सगळ्यांनी! माईंच्या कृतीने मोची केली. पीठ थायलंडचं घेतलं. जमलं. पारी दुसऱ्या दिवशीही मऊ होती, लेकीने गोठलेल्या मोचीचा पिळा सोडताना व्हिडिओ काढला वगैरे. आईस्क्रीमऐवजी आम्रखंडाचे गोळे गोठवून भरले, अर्धवट_रसायन यांचा प्रतिसाद वाचून. ते आईस्क्रीमपेक्षा हाताळायला सोपे जातात, पटकन वितळत नाहीत. आंबटपणामुळे पारीची गोडी कापली जाते. माझ्या मते ही जोडी दुकानातल्या व्हॅनिलापेक्षा सरस.

कुतूहल म्हणून थोड्या पिठात निम्मी आंबेमोहोराची पिठी मिसळली. त्या दिवशी खायला ठीक, सुवास तर फारच छान, पण दुसऱ्या दिवशी कडा कडक. पाव भाग मिसळली तर सुवास राहतो आणि मऊपणाही बराचसा टिकतो. साबांनी खाल्ली, तुकडे करून दिली होती, आणि म्हणाल्या, "आत नारळाचं सारण का नाही?" तर तेही केलं, गूळ-खोबऱ्याचं. ते मात्र गोठवायचं नाही, नुसतं फ्रीजमध्ये गार. गोठलं की भुसा चावल्यासारखं लागतं.

टोकियोची_माई

आम्रखंड! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. इथे चक्का बांधायला दही मिळतं, हापूसचा डबाही मिळतो. या शनिवारी शेजारच्या जपानी काकूंना खायला घालते आणि त्या काय म्हणतात ते कळवते.

शिवाजीपेठी_पाव्हणा

आता आम्रखंड घातलंय म्हणताय तर बघाय पायजे. कोल्हापुरात हे चिकट पीठ कुठं मिळंल? का नुसता तो आसामचा तांदूळ मागवून गिरणीत दळून आणू?

अर्धवट_रसायन

गिरणीतलं चालेल, पण आधी तांदूळ चार तास भिजवून, निथळून, सावलीत फडक्यावर वाळवून मग दळा, मोदकाच्या पिठीला करतात तसंच. आणि गिरणीवाल्याला सांगा की आधी साधा तांदूळ दळून जातं साफ झालेलं असू दे. गव्हानंतर लगेच तुमचा नंबर लागला तर ताणली जाणारी पारी विसरा. मैदाचाळणीने चाळा. पहिल्यांदा वाटीभरच करून बघा, पाणी कमी-जास्त लागेल.

शिवाजीपेठी_पाव्हणा

वाटीभर कशाला, पायलीभर दळतो. जमलं तर मोची, नाय जमलं तर कॉकटेलात केकाच्या जागी.

पेठकरीण

देवा!